सावड की सोयरीक?

माझ्या आजोबांकडे एकच बैल होता. शेजारच्या वस्तीवर आणखी एका घरी असाच एकटा बैल होता. मृगाचा पाऊस पडला की दोन्ही बैल एका औताला जुंपले जात. चार दिवस आमचे रान, चार दिवस त्यांचे. आमच्याकडे याला सावड म्हणतात. गंमत अशी, की आजोबांचे आणि त्या गृहस्थांचे एकमेकांशी मुळीच पटत नसे. बांधावरून त्यांची दर साल कडाक्याची भांडणे होत, एकमेकांच्या घरच्या लग्नालासुद्धा ते गेले नाहीत. पण सावड मात्र अठरा वर्षे चालली. आजी म्हणे, "सोयरीक केली असती तर कधीच मोडली असती."

आजीचे हे वाक्य मला गेल्या वर्षी मोटारींच्या कंपन्यांविषयी वाचताना पुन्हा पुन्हा आठवले. कला शाखेच्या, त्यातून परळीच्या मुलीला मोटारींचे काय पडले आहे, असे संपादक मंडळातील माझ्या मैत्रिणींनी विचारलेच. आमच्या घरात सायकल सोडली तर दुसरे वाहन नाही, हेही खरे. पण माझा थोरला भाऊ आय. टी. आय. झाल्यावर रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला गेला, आणि तेव्हापासून इटलीत कोणी कोणाशी हात मिळविला आणि कोणी कोणाचा हात सोडला, याचा आमच्या घरच्या चुलीशी संबंध आला. आपल्या वर्गातल्या किती जणांचे भाऊ चाकण, तळेगाव, रांजणगावला आहेत, हे एकदा हात वर करायला सांगून पाहावे. म्हणून हा विषय आपलाच आहे, असे मी मानते.

रांजणगाव आपल्याला माहीत आहे ते महागणपतीमुळे. परळीहून बीड, अहिल्यानगर, शिरूर करीत पुण्याला जाणाऱ्या एस. टी.तून ते लागते. २०१९ च्या दिवाळीत आई आणि मी दादाला भेटायला गेलो होतो. आईने आधी गणपतीचे दर्शन घेतले आणि मग वसाहतीच्या रस्त्यावर उभी राहून ती त्या लांबच लांब भिंती पाहत राहिली. "एवढ्यात आपलं सगळं शिवार मावंल," एवढेच म्हणाली. त्या भिंतींपैकी एकीच्या आत टाटा आणि फियाट यांचा भागीतला कारखाना आहे. दादा त्यात नव्हता. तशा मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या एका लहान कारखान्यात, ठेकेदारामार्फत, तो इंजिनाला लागणाऱ्या रबरी नळ्या तयार करीत असे.

टाटा मोटर्स आणि इटलीची फियाट यांनी सहकार्याच्या पहिल्या कागदावर सह्या केल्या त्या सप्टेंबर २००५ मध्ये. २००६ मध्ये टाटांच्या काही दुकानांतून फियाटच्या गाड्या विकायला सुरुवात झाली. मग निम्म्या-निम्म्या भागीची संयुक्त कंपनी ठरली, आणि २००८ मध्ये रांजणगावचा कारखाना सुरू झाला. वर्षाला एक लाख मोटारी आणि दोन लाख इंजिने काढण्याचा बेत होता. २००९ मध्ये फियाटच्या लिनिया आणि ग्रँड पुंटो या गाड्या बाजारात आल्या. एका बाजूला गाड्यांच्या रेखाटनाची शंभर वर्षांची परंपरा, दुसऱ्या बाजूला देशभर पसरलेली दुकाने. वर्तमानपत्रांतून ही जोडी लक्ष्मीनारायणाची म्हणून गाजली असल्यास नवल नाही.

महाराष्ट्राला अशा जोड्या नवीन नाहीत. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, ती अमेरिकेच्या क्रायस्लरशी हातमिळवणी करून. पुढे त्याच कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट आली, आणि तिचीच पद्मिनी होऊन मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली. नाशिकला महिंद्र आणि फ्रान्सची रेनो यांनी मिळून २००७ मध्ये लोगन काढली. तीनच वर्षांत रेनो बाहेर पडली. या सगळ्यांची यादी देण्यात अर्थ नाही. मला बोलायचे आहे ते एका इंजिनाविषयी.

अंबाजोगाई रस्त्यावर एक जुने गॅरेज आहे. माझे मामा भाड्याने इंडिका व्हिस्टा चालवीत, ती तिथे नेहमी उभी असे. एकदा मी मामांबरोबर होते, तेव्हा शेजारी एक डिझेल स्विफ्ट आणि पलीकडे कोण्या डॉक्टरांची लिनिया होती. मिस्त्री चाचांनी तिन्ही बॉनेटे उघडी टाकली होती. मला म्हणाले, "बेटा, नावं तीन, पण काळीज एकच." मला ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. टाटांच्या गाडीत ते क्वाड्राजेट, मारुतीच्या गाडीत डीडीआयएस आणि फियाटच्या गाडीत मल्टिजेट म्हणून बसलेले असे; पण १,२४८ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे ते डिझेल इंजिन मुळात एकच.

आणि त्या इंजिनाचे आईबाप कोण, हे पाहिले तर गोष्ट आणखी रंगते. मार्च २००० मध्ये फियाट आणि अमेरिकेची जनरल मोटर्स यांनी सोयरीक केली. होय, हिला मी सोयरीकच म्हणेन, कारण येथे शेअरांची देवाणघेवाण झाली: जनरल मोटर्सने फियाटच्या मोटार-व्यवसायाचा पाचवा हिस्सा घेतला, फियाटला जनरल मोटर्सचे पाच टक्क्यांच्या आसपास शेअर मिळाले. शिवाय करारात एक कलम घातले गेले, की ठराविक मुदतीनंतर फियाटने म्हटले तर तिचा उरलेला मोटार-व्यवसायही जनरल मोटर्सने विकत घेतलाच पाहिजे. लग्नाच्या वेळी हे कलम कोणाला बोचले नाही. चार वर्षांत फियाट कर्जाने वाकली, जनरल मोटर्सचेही दिवस फिरले, आणि आता हे कलम गळ्यातल्या फासासारखे दिसू लागले. फियाटचे प्रमुख सर्जिओ मार्किओने यांनी ते बरोबर ताणले. फेब्रुवारी २००५ मध्ये जनरल मोटर्सने १५५ कोटी युरो मोजले. मोटार-व्यवसाय घेण्यासाठी नव्हे. तो घ्यावा लागू नये म्हणून! हुंडा देऊन सोडचिठ्ठी घेतल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

पण या पाच वर्षांत दोघांनी एक कारखानदारी एकत्र केली होती. इंजिने आणि गिअर पेट्या दोघे मिळून बनवीत, आणि त्या सावडीतून २००३ मध्ये हे १.३ लिटरचे इंजिन जन्माला आले. घटस्फोटानंतरही त्यावर दोघांचा हक्क राहिला. पोलंडमध्ये ते बनू लागले होतेच. पुढे मारुतीच्या घरी मानेसरला परवान्यावर बनू लागले आणि जानेवारी २००७ मध्ये डिझेल स्विफ्टमध्ये बसले. रांजणगावला टाटा-फियाटच्या कारखान्यात बनू लागले. जनरल मोटर्सच्या तळेगावच्या कारखान्यातून शेव्हरोलेच्या सेल गाडीत आले. फियाटची जुनी, कधीची विभक्त झालेली भागीदार प्रीमियर, तिनेसुद्धा २०१२ मध्ये आपल्या रिओ गाडीत हेच इंजिन घातले. ज्या काळी इंजिनाची सोयरीक मोडून पडली होती, त्याच काळी इंजिन चार घरी सुखाने नांदत होते.

आता प्रश्न असा, की स्विफ्ट आणि पुंटो या दोघींचे काळीज एक, तर स्विफ्टला गिऱ्हाईक रांग लावून उभे आणि पुंटो दुकानात धूळ खात, असे का झाले? जाणकार म्हणतील, किंमत, वजन, सुटे भाग, दुरुस्तीची सोय. ते सारे खरे आहे. पण माझ्या मते त्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. टाटांच्या दुकानात टाटांचीही गाडी उभी असे आणि फियाटचीही. विकणारा माणूस टाटांचा. त्याने कोणती गाडी पुढे करावी? आणि फियाटची गाडी बिघडली तर शरम कोणाला वाटावी? कारखान्यात काम निम्मे-निम्मे होते, तेथे इंजिन खराब निघाले तर टाटांच्या व्हिस्टाचेही नाव जाणार होते आणि फियाटच्या लिनियाचेही. दुकानात मात्र एकाचे रान आणि दुसऱ्याचा बैल, अशी अवस्था होती. मे २०१२ मध्ये दोघांनी जाहीर केले, की विक्री यापुढे वेगळी. कारखाना मात्र एकत्रच राहील.

आणि तो राहिला. फियाटची क्रायस्लरशी एक कंपनी झाली, २०२१ मध्ये ती फ्रान्सच्या प्यूजोच्या गटात मिसळून स्टेलांटिस झाली, फियाटच्या गाड्या भारतातून नाहीशा झाल्या. पण रांजणगावला २०१७ पासून एकाच आवारात जीप कंपास आणि टाटांची नेक्सॉन तयार होऊ लागल्या. कंपास तर तेथून ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, जपानपर्यंत गेली. दुकानातली सोयरीक सात वर्षांत मोडली, कारखान्यातली सावड टिकली. आजीला मोटारीतले काही कळत नव्हते, पण तिचे म्हणणे येथे लागू पडते.

याच्या उलट उदाहरण हवे असेल तर फोक्सवागन आणि सुझुकी यांचे घ्यावे. चाकणला कारखाना सुरू केला त्याच वर्षी, म्हणजे डिसेंबर २००९ मध्ये, जर्मनीच्या फोक्सवागनने जपानच्या सुझुकीचे जवळजवळ वीस टक्के शेअर घेतले. दोन मोठी घराणी बरोबरीने वागणार, असे बोलले गेले. मग फोक्सवागनच्या वार्षिक अहवालात छापून आले, की सुझुकीच्या कारभारावर आपला लक्षणीय प्रभाव पडू शकतो. वाक्य हिशेबनिसाचे होते, पण ओसामु सुझुकी यांच्यासारख्या मानी म्हाताऱ्याला ते झोंबले. पुढे २०११ मध्ये सुझुकीने आपल्या हंगेरीतल्या गाड्यांसाठी डिझेल इंजिने घेतली ती फियाटकडून. (पुन्हा फियाटचेच इंजिन!) फोक्सवागन म्हणाली, हा करारभंग आहे. सुझुकी म्हणाली, आमचे आम्हाला मोकळे करा. भांडण लवादापुढे गेले, चार वर्षे चालले, आणि २०१५ मध्ये सुझुकीने आपले शेअर परत विकत घेऊन सुटकेचा श्वास टाकला. या साऱ्या काळात दोघांनी मिळून एकही गाडी काढली नाही. बैल एका औताला कधी जुंपलेच नाहीत. नुसते एका गोठ्यात बांधून ठेवले होते आणि गोठ्याचा मालक कोण यावर वाद होता.

त्याच सुझुकीचे पुढे टोयोटाशी मात्र बरे जमले. २०१९ मध्ये दोघांनी एकमेकांचे थोडेथोडे शेअर घेतले, कोणीही मालक होणार नाही इतकेच. मारुतीची बलेनो टोयोटाच्या दुकानात ग्लांझा होऊन आली आणि खपलीही. म्हणजे दुकानातली भागी जमतच नाही, हे माझे म्हणणे सरसकट खरे नाही, हे मला मान्य केले पाहिजे. फरक मला एवढाच दिसतो, की ग्लांझा विकणाऱ्याला ती टोयोटाची म्हणूनच विकायची असते आणि बिघडली तर त्यालाच निस्तरायची असते.

इथपर्यंत सगळे दोन कंपन्यांचे झाले. औत, बैल आणि रान. पण औताच्या मागे चालणारा माणूस कुठे आहे?

आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. माझे आईवडील अकरा हंगाम एक कोयता होते. मुकादम दोघांची मिळून उचल देतो आणि जोडीतले एक माणूस आजारी पडले, मेले, तरी उचल फिटेपर्यंत दुसऱ्याच्या मानेवर असते. जोडी मोडली तर कोणी काय फेडायचे, हे आमच्याकडे निरक्षर माणसालाही पाठ असते. जनरल मोटर्सनेही जोडी मोडल्याची किंमत युरोत मोजली, कारण ती करारात लिहिली होती. मात्र या करारांवर ज्यांचे पोट आहे त्यांना जोडी मोडल्यावर काय मिळेल, हे बहुधा कोणत्याच पानावर नसते.

एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहाचे नियम लागू होणार होते. धूर कमी करणारे हे नियम चांगलेच आहेत, त्यांविरुद्ध माझी तक्रार नाही. पण त्यांत बसवायचे तर जुन्या लहान डिझेल इंजिनावर फार खर्च होता. मारुतीने डिझेल सोडले, रांजणगावलाही ते इंजिन थांबले. टाळेबंदी मार्चअखेर आली. दादाला मात्र त्याआधीच ठेकेदाराने सांगितले होते, की मागणी संपली, उद्यापासून येऊ नकोस. त्या नळ्या कोणत्या इंजिनाला जात, हे दादाला तोवर नीट माहीतही नव्हते. तो एक पेटी आणि गादीची वळकटी घेऊन परळीच्या स्थानकावर उतरला. बाबांनी काही विचारले नाही. त्या साली दादा पुन्हा कोयता उचलतो की काय, या भीतीने आई रात्ररात्र जागी असे.

त्या इंजिनाचे दुसरे घर तळेगावचे. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतात गाड्या विकणे बंद केले आणि डिसेंबर २०२० मध्ये तेथील उत्पादनही थांबविले. हजाराहून अधिक कामगार न्यायालयाच्या आणि कामगार खात्याच्या पायऱ्या चढत राहिले. कारखाना आधी एका चिनी कंपनीला विकायचा ठरला, तो बेत फसला. मग ह्युंदाईने ऑगस्ट २०२३ मध्ये करार केला आणि जानेवारी २०२४ मध्ये ताबा घेतला. करारात जमीन होती, इमारती होती, काही यंत्रसामग्री होती. माणसे नव्हती.

मी वर्गात हे बोलले तेव्हा आमच्या सरांनी आक्षेप घेतला. ते म्हणाले, "तू म्हणतेस तशा अटी घातल्या तर कंपन्या शेजारच्या राज्यात जातील. भांडवल पाण्यासारखे असते, उताराकडे वाहते." सरांचा अभ्यास माझ्यापेक्षा पुष्कळ मोठा आहे, तरी शेजारच्या राज्याचेच उदाहरण मला त्यांच्यापुढे ठेवावेसे वाटते. ऑक्टोबर २०१९ मध्ये महिंद्र आणि फोर्ड यांनी भारतात संयुक्त कंपनी काढण्याचे जाहीर केले होते. २०२० च्या शेवटच्या दिवशी ती युती रद्द झाली, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातील मोटारींचे उत्पादन बंद करीत असल्याचे सांगितले. गुजरातेत साणंदला तिचा मोठा कारखाना होता. मे २०२२ मध्ये फोर्ड, टाटांची कंपनी आणि गुजरात सरकार अशा तिघांनी एका कागदावर सह्या केल्या. पुढे ७२५ कोटी ७० लाख रुपयांना व्यवहार झाला, जानेवारी २०२३ मध्ये तो पुरा झाला. त्या व्यवहारात जमीन आणि यंत्रांबरोबर कारखान्यातील पात्र कामगारही होते; टाटांनी त्यांना कामाचा प्रस्ताव दिला. एक वाहन कारखाना दुसऱ्याकडे जाताना माणसे त्याबरोबर जाऊ शकतात, हे म्हणजे अशक्य नाही. तिसरी सही असावी लागते एवढेच.

महाराष्ट्रातही ही तिसरी सही मागण्याचा हक्क सरकारला आहे, असे मला वाटते. जमीन औद्योगिक महामंडळ देते, पाणी तेच देते, मोठ्या प्रकल्पांना करांत सवलती मिळतात. पाण्याचे मोल परळीकराला कोणी सांगायला नको. २०१३ आणि २०१५ मध्ये पाणी नाही म्हणून येथील औष्णिक केंद्र बंद ठेवावे लागले होते. असे पाणी, अशी जमीन ज्या युतीला द्यायची, तिच्या करारात एक पान माणसांचे असावे: भागी मोडली, कारखाना विकला, इंजिन थांबले, तर कायम कामगाराला काय आणि ठेकेदाराच्या माणसाला काय. ठेकेदाराच्या माणसाचे नाव मी मुद्दाम घेते, कारण साणंदच्या कागदातही तो होता असे मला कुठे दिसले नाही, आणि आपल्या भागातून जाणारी बहुतेक मुले त्याच दाराने आत जातात.

दादा आता चाकणला आहे. पुन्हा सुटे भाग, पुन्हा ठेकेदार. पण पगार थोडा बरा. परवा फोनवर सांगत होता, की त्यांच्या कारखान्यातही परदेशी पाहुणे येऊन गेले, रांगोळ्या काढल्या होत्या, सर्वांना पेढे वाटले, काहीतरी नवीन भागी होणार म्हणतात. मी विचारले, "कशाची?" तो म्हणाला, "ते आम्हाला कोण सांगतंय?" मग मी हा लेख लिहीत असल्याचे सांगितले. थोडा वेळ तो गप्प राहिला. म्हणाला, "लिही. पण माझ्या कंपनीचं नाव टाकू नकोस."

टाकलेले नाही.